मानसिक आरोग्यासाठी पाठपुरावा : घरापासून विधिमंडळापर्यंत, नव्या कार्यकर्त्यांसाठी

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशी जिल्हा रुग्णालयात पोस्टर स्पर्धा होते, शाळेची प्रभातफेरी निघते, बॅनरपुढे फोटो काढले जातात. ११ तारखेला ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीवर मात्र ‘गोळ्या संपल्यात, पुढच्या महिन्यात या’ हेच उत्तर मिळतं. हा लेख ११ तारखेपासूनच्या कामाबद्दल आहे.

जनजागृतीला माझा विरोध नाही. पण लोकांना ‘लाजू नका, उपचार घ्या’ म्हणून सांगायचं आणि ते उपचार तालुक्यात कुठे, कोणत्या वारी मिळतात हे आपल्यालाच ठाऊक नसायचं, यात त्यांची फसवणूक आहे. म्हणून कोणत्याही पातळीवर काम सुरू करताना तीन गोष्टी कागदावर लिहायच्या : नेमकं काय हवंय, ते देणं कोणाचं काम आहे, आणि त्या माणसाकडून लेखी उत्तर कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचं. यातली एकही गोष्ट लिहिता येत नसेल तर निवेदन द्यायची वेळ अजून आलेली नाही.

पायरी १ : आधी आपल्या भागाची माहिती गोळा करा

वहीचं एक पान घ्या. घरापासून जवळचा मनोविकारतज्ज्ञ कुठे बसतो, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या वारी येतं, तिथे समुपदेशक आहे का, कोणत्या गोळ्या मिळतात आणि कोणत्या बाहेरून आणायला सांगतात, हे त्यावर लिहा. फोनवर विचारून भागत नाही. ओपीडीच्या दिवशी स्वतः जाऊन रांगेत बसा आणि शेजारच्या माणसाशी बोला. तो किती लांबून आलाय, गाडीभाड्याला किती गेले, मागच्या वेळी गोळ्या मिळाल्या का, हे कळेल. सरकारी तक्त्यात यातलं काही नसतं.

टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावरही एकदा फोन करून पाहा. मानसिक त्रासाबद्दल फोनवर सल्ला देणारी केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. दुसरा क्रमांक १८०० ८९ १४४१६. दुसऱ्याला देण्याआधी आपण लावून पाहिलेला नंबर जास्त विश्वासाने देता येतो.

आकडे मोजकेच जवळ ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. कोणी साहेब भाषणात ते आकडे ‘आपल्या राज्याचे’ म्हणून सांगायला लागले, तर हे लक्षात असू द्या.

पायरी २ : घर आणि गल्ली

इथे निवेदन चालत नाही, बोलणं चालतं. ‘डोक्यावर परिणाम झालाय’, ‘येरवड्याची केस आहे’ अशी वाक्यं घरात सहज उच्चारली जातात. प्रत्येक वेळी समोरच्याला तिथल्या तिथे टोकू नका, माणसं तुमच्यासमोर बोलायचीच बंद होतील. स्वतः बोलताना मात्र आजाराचं नाव साधेपणाने घ्या : ‘तिला नैराश्याचा त्रास आहे, औषध चालू आहे, आता कामावर जाते.’ मधुमेहाबद्दल बोलतो त्याच आवाजात.

‘बाहेरचं’ झालंय म्हणून माणसं देवस्थानाला किंवा भगताकडे जातात. ‘गंडादोरा सोडा, मग गोळ्या घ्या’ अशी अट घातली तर बहुतेक घरं गोळ्याच सोडतात. अंगारा राहू दे आणि गोळीही चुकवू नका, असं सांगितलेलं बरं. मारहाण दिसली की मात्र गप्प बसायचं नाही. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, काठी-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात त्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो. या प्रश्नावर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि साताऱ्याची परिवर्तन संस्था यांनी ‘मानसमित्र’ तयार केले आहेत. गावाजवळ कोणी असेल तर त्यांना सोबत घ्या.

साखळीबद्दल एक आठवण देऊन ठेवतो. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळदंडाने बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही आणि २८ जण गेले. ‘बांधून ठेवलं तर निदान सुरक्षित राहील’ असं कोणी म्हणालं की हे सांगा.

कोणी जीव द्यायच्या गोष्टी करत असेल, तर थेट विचारा : ‘जीव द्यावासा वाटतो का? तसं काही ठरवलंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक शेजारी नेऊन ठेवा. १४४१६ला फोन लावा आणि जवळच्या रुग्णालयात घेऊन जा. अशा वेळी उपदेश करू नका, ‘लेकराबाळांचा विचार कर’ हेसुद्धा नको. पोलिसांची भीती वाटून काही घरं रुग्णालयात जायचं टाळतात. त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं असतं, आणि त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं वेगळं कलम आहे.

पायरी ३ : चार-पाच माणसांचा गट

एकट्याने पाठपुरावा केला तर सहा महिन्यांत माणूस थकतो. गट लहान असला तरी चालेल. त्यात आजार स्वतः अनुभवलेली निदान एक व्यक्ती आणि घरात रुग्ण सांभाळणारी एक व्यक्ती हवीच. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या गटांत आजार अनुभवलेल्याला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) या संस्थेतही असे गट चालतात. जवळपास असाल तर एखाद्या बैठकीला जाऊन बसा, गट कसा चालवायचा ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

संस्था नोंदणी, लेटरहेड, लोगो यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. एक जण कागद लिहील, एक जण कार्यालयात जाईल, एक जण फाइल सांभाळेल, एवढी विभागणी पुरते.

शुभार्थीचा अनुभव सभेत सांगायचा असेल तर तो त्यानेच सांगायचा, त्याला हवा तेवढाच, आणि आदल्या रात्री त्याने नाही म्हटलं तर विषय संपला. त्याच्या वतीने आईने किंवा कार्यकर्त्याने सांगणंही चालत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दल आहे आणि कलम २४ त्याच्या संमतीशिवाय फोटो किंवा माहिती माध्यमांत देण्याबद्दल. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज या ताईंना मदत केली’ म्हणून फोटो टाकणाऱ्यांनी ही कलमं छापून भिंतीवर लावावीत.

पायरी ४ : गाव

आशाताईंपासून सुरुवात करा. कोणत्या घरात कोण महिनोन्महिने खोलीबाहेर आलेलं नाही हे त्यांना माहीत असतं. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यामुळे ‘तुम्ही सर्वेक्षण करा’ म्हणू नका. ओपीडीचा वार आणि तिथल्या माणसाचं नाव लिहिलेला कागद त्यांच्या हातात द्या, त्या तो योग्य घरी पोचवतील.

साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं तर ती खरंच उपयोगी पडतात का, अशी शंका डॉक्टरमंडळी काढतात. त्यांना गोव्याचं उदाहरण द्या. तिथे १९९६ साली सुरू झालेल्या संगथ संस्थेने मनोविकाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं. प्राथमिक केंद्रांतल्या नैराश्य-चिंतेच्या रुग्णांसोबत त्यांनी केलेल्या कामाची चाचणी २०१०मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातलेच स्वयंसेवक शेजाऱ्यांचं ऐकून घेत आणि त्यांना सरकारी योजनांशी जोडून देत. योजनांचा भाग महत्त्वाचा आहे. ज्याची पेन्शन अडकलीय त्याला नुसतं ‘मन मोकळं करा’ सांगून भागत नाही.

त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राचं काम शिकून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज भरायचा आणि रुग्णालयातल्या मंडळापुढे तपासणीला जायचं. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम या बाबी तिथे पाहिल्या जातात आणि आजार किती वर्षांपासून आहे त्यालाही गुण असतात. म्हणून जुने केसपेपर, अगदी चुरगळलेलेसुद्धा, फेकायचे नाहीत. ४० टक्के किंवा जास्त आलं की संजय गांधी निराधार योजनेसारख्या दारांवर जाता येतं, तिथे उत्पन्नाचा दाखला वगैरे वेगळं लागतं. तपासणीच्या दिवशी आई मुलाला नवा शर्ट घालून, ‘नीट बोल हं’ सांगून नेते आणि टक्केवारी कमी येते. नेहमीसारखाच जाऊ दे, आणि वाईट दिवसांत तो कसा असतो हे डॉक्टरांना आईनेच सांगू दे.

ग्रामसभेत विषय मांडायचा तर आयत्या वेळी उभं राहून उपयोग नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा ठरलेल्या सभांच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, लेखी विषय द्या, तो विषयपत्रिकेत येऊ द्या, आणि सभेनंतर ठरावाची नक्कल मागा. मागणी छोटी ठेवा. ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीतून मानसिक आजाराच्या रुग्णांना तपासणीच्या प्रवासासाठी मदत द्यावी, इतकी मागणी पुरे. ‘गावात मानसिक आरोग्याबाबत जागृती करावी’ असला ठराव टाळ्या वाजवून मंजूर होतो आणि त्यातून काहीच निघत नाही.

पायरी ५ : तालुका आणि जिल्हा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे थोड्या श्रमात बरंच पदरात पडतं, आणि नवखी माणसं इथेच चुकीच्या दारात उभी राहतात.

दारं अशी आहेत. ग्रामीण भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्याचा वरिष्ठ जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं, तिथला वरिष्ठ जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सिव्हिल सर्जन’. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही त्यांच्याच अखत्यारीत चालतो. ग्रामीण रुग्णालयातल्या गोळ्यांची तक्रार जिल्हा परिषदेत नेलीत तर कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहील. महापालिकेच्या हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं थेट राज्याच्या आरोग्य विभागाची.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चं कलम १८ पाठ करून टाका. प्रत्येकाला सरकारी यंत्रणेकडून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क त्यात आहे. त्याचं उपकलम १० म्हणतं की अत्यावश्यक यादीतली औषधं समुदाय आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत मानसिक आजाराच्या रुग्णांना कायम आणि मोफत उपलब्ध असली पाहिजेत. आपल्याकडे समुदाय आरोग्य केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालय. ‘बाहेरून आणा’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. आणि गोळ्या महिनाभर तुटल्या की आजार उलटू शकतो, रुग्ण पुन्हा भरती होऊ शकतो, तोवरची कमाई बुडते. अधिकाऱ्याला हे समजावताना कलमाच्या जोडीला एखाद्या घराचा हिशेब द्या, नाव न घेता.

निवेदनाचा नमुना :

*प्रति, मा. वैद्यकीय अधीक्षक, ग्रामीण रुग्णालय, (गाव).*
*विषय : मनोविकारावरील औषधांचा नियमित साठा ठेवणेबाबत.*
*महोदय, आम्ही या तालुक्यातील मानसिक आजाराच्या रुग्णांचे कुटुंबीय आहोत. (तारीख), (तारीख) आणि (तारीख) रोजी आपल्या रुग्णालयात (औषधाचे नाव) उपलब्ध नव्हते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १८(१०) नुसार ही औषधे मोफत व सर्वकाळ मिळणे आवश्यक आहे. तरी (१) या औषधांची मागणी कधी नोंदवली व साठा कधी येणार, (२) मनोविकारतज्ज्ञांच्या ओपीडीचा वार, हे आम्हांस (तारीख) पर्यंत लेखी कळवावे आणि तो वार दर्शनी भागात लावावा, ही विनंती.*
*प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा शल्यचिकित्सक.*

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेलं निवेदन दिलं नाही असंच समजा. ‘साहेबांना भेटून सांगितलंय’ हे पुढच्या साहेबांपुढे शून्य आहे.

बोलताना एक पथ्य पाळा. समोरचा वैद्यकीय अधिकारी बहुतेक वेळा आपल्यासारखाच वैतागलेला असतो. मागणी त्याने नोंदवलेली असते, पुरवठा वरून येत नाही. त्याला आरोपी करण्याऐवजी ‘तुमच्या मागणीला आमच्या पत्राचा आधार देतो’ म्हणा, तो मागणीची तारीख स्वतःहून दाखवेल. औषधं किंवा वाहनासाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून तरतूद होऊ शकते. त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रस्ताव जातोय का ते विचारत राहा.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा ऑनलाइन भरा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ‘औषधं का नाहीत?’ असं विचारलंत तर ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येईल. नोंदी मागा : अमुक रुग्णालयातील रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, फ्लुओक्सेटिन, सोडियम व्हॅल्प्रोएट आणि लिथियम यांच्या साठा नोंदवहीच्या १ एप्रिल ते ३१ मार्च या काळातील प्रती, तसंच या औषधांसाठी वरिष्ठ कार्यालयाला पाठवलेल्या मागणीपत्रांच्या प्रती. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, शुल्क २० रुपये. नोंदवहीतल्या शून्यांची रांग कुठल्याही भाषणापेक्षा बोलकी असते.

एखाद्या रुग्णाचं स्वतःचं काम अडलं असेल, उदाहरणार्थ प्रमाणपत्र मिळत नाही, तर लोकशाही दिन वापरा. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथे वैयक्तिक तक्रार चालते, संघटनेचं निवेदन नाही, म्हणून अर्ज त्या कुटुंबाच्याच नावाने आणि आधी द्यायचा.

रस्त्यावर भटकणारी, स्वतःशी बोलणारी व्यक्ती दिसली तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० लक्षात ठेवा. तिला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि तिला कोठडीत डांबायचं नाही. पोलीस ठाण्यात कलमाची छापील प्रत घेऊन गेलात तर बोलणं सोपं जातं. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने अशा हजारो माणसांना बरं करून आपापल्या राज्यांत घरी पोचवलं आहे. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना त्या कामासाठी २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘असल्यांचं घर कुठे सापडणार’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

पायरी ६ : शाळा, कॉलेज, क्लासेस

इथे आता तुमच्या हातात चांगला कागद आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात (सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य) सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ला देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. स्वतंत्र कायदा किंवा नियम येईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करायची. टेली-मानससह मदतक्रमांक वसतिगृहात, वर्गात, वेबसाइटवर ठळक अक्षरांत लावायचे. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या शक्यतो पाडू नयेत, असंही न्यायालयाने सांगितलं आहे. लातूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, नांदेड या क्लासेसच्या गावांत हे शेवटचं वाक्य वाचून काही जणांच्या भुवया उंचावतील.

शाळेत जाताना पालक म्हणून, शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत जा. पहिली मागणी क्रमांकाचा फलक, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि नाही म्हणायला कारण उरत नाही. फलक लागला की पुढच्या बैठकीत समुपदेशकाचा विषय काढा. ‘गणिताच्या बाईच समुपदेशन करतात’ असं उत्तर आलं तर त्यांची पात्रता नम्रपणे विचारा. मुलं बाईंना मनातलं सांगायला कचरतात, कारण त्याच बाई वार्षिक परीक्षेत गुण देणार असतात.

पायरी ७ : वर्तमानपत्र

‘कर्जाला कंटाळून शेतकऱ्याने मृत्यूला कवटाळले’ असा मथळा, पद्धतीचं वर्णन, चिठ्ठीचा फोटो. आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागेचे बारकावे, सनसनाटी मथळा, ठळक जागा आणि वारंवार प्रसिद्धी टाळावी, असं भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९मध्येच सांगितलं आहे. एका कारणावर बोट ठेवणारी बातमी त्याच अवस्थेतल्या दुसऱ्या वाचकाला ‘आपल्यालाही हाच मार्ग’ असं सुचवते. तालुका वार्ताहराला भेटा, भांडायला जाऊ नका. बहुतेकांना हे नियम कोणी दाखवलेलेच नसतात. बातमीच्या शेवटी १४४१६ छापायची विनंती करा. चार जणांना सांगितलं तर एक जण ऐकतो, आणि त्याचं बघून दुसरा.

पायरी ८ : नोकरीची जागा आणि विमा

हे थोडक्यात. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला दिव्यांग हक्क कायद्याखाली समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. तुमच्या कंपनीचं धोरण मागून घ्या आणि त्यात मानसिक आजाराचा उल्लेख आहे का पाहा. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता किंवा पदावनत करता येत नाही.

विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर मानसिक आजाराला संरक्षण द्यायचं, असं २०१७च्या कायद्याचं कलम २१(४) सांगतं, आणि विमा नियामकाने १६ ऑगस्ट २०१८च्या परिपत्रकाने कंपन्यांना त्याची आठवण करून दिली. दावा नाकारला तर नकार लेखी घ्या, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि मग विमा लोकपालांकडे जा. पॉलिसीत ओपीडीचा खर्च नसेल तर तो कोणत्याच आजाराला मिळत नाही, तिथे भांडून वेळ घालवू नका.

पायरी ९ : राज्य

इथपर्यंत पोचायची घाई करू नका. जिल्ह्याची फाइल जाड झाल्याशिवाय आमदारांना भेटलात तर ते चहा पाजून सोडतील. माहिती अधिकारात मिळालेली साठा नोंदवही आणि तीन निवेदनांच्या पोच घेऊन गेलात तर त्यांच्या हातात तयार तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, पडतो. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीत नाही, गणपतीतच भेटा. प्रश्न एका पानात, हवं ते उत्तर आकड्यांत : जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञांची मंजूर पदं किती, रिक्त किती, किती महिन्यांपासून. कंत्राटी पदांचा आकडा वेगळा मागा, नाहीतर तो भरलेल्या पदांत मिसळला जातो. विरोधी पक्षातला आमदार तत्परतेने प्रश्न लावतो आणि सत्ताधारी आमदार मंत्र्याकडे खासगीत काम करून आणू शकतो. गटाने दोघांनाही भेटायला हरकत नाही, फक्त निवडणुकीच्या सभेत कोणाच्याच मंचावर बसू नये.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळं असतात. हक्क डावलला गेला तर रुग्ण, त्याने नेमलेला प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने एखादी नोंदणीकृत संस्था तिथे अर्ज करू शकते. मंडळावर दोन जागा आजार अनुभवलेल्या व्यक्ती, शुभंकर किंवा त्यांच्या संघटनांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. तुमच्या गटातून कोणी तिथे जायला तयार असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, ही जागा मोर्च्यापेक्षा मोलाची आहे. हे प्राधिकरण आणि मंडळं कागदावर राहतात ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयातही गेली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत, बरे होऊनही मनोरुग्णालयात अडकून राहिलेल्या माणसांचा प्रश्न पुढे आला आणि न्यायालयाने सरकारकडे जाब मागितला. न्यायालयाची पायरी वकिलाशिवाय चढू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला या कायद्यातले हक्क वापरण्यासाठी तो मिळण्याचा हक्क कलम २७ने दिला आहे.

काम झाल्यावर

गोळ्या आल्या, ओपीडीचा वार फळ्यावर लागला, तर त्याच आठवड्यात अधीक्षकांना आभाराचं पत्र द्या आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. तक्रारींच्या ढिगात असं पत्र क्वचित येतं, त्यामुळे ते लक्षात राहतं. गटातल्या एकाने दर तीन महिन्यांनी औषध खिडकीवर जाऊन साठा विचारायचा आणि वहीत तारीख टाकायची. सरकारी बदल्या साधारण एप्रिल-मे महिन्यांत होतात. जूनमध्ये नवे अधीक्षक रुजू झाले की पहिल्या पंधरवड्यात जुन्या पत्रव्यवहाराच्या झेरॉक्स घेऊन भेटा, आधीच्या साहेबांनी काय मान्य केलं होतं ते दाखवा, आणि त्या भेटीचीही पोच घ्या.